शेवटचा क्रमांक

कचेरीतील दूरध्वनी सर्वांस दिसतो. पण ज्या पेटीच्या आज्ञेने तो वाजतो ती पेटी क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडते. जिन्याखालच्या खोलीत, जुने पंखे आणि मोडक्या खुर्च्या यांच्या सहवासात, ती भिंतीवर टांगलेली असते. तिला ईपीएबीएक्स असे भारदस्त नाव आहे. बाहेरून आलेल्या आठदहा लाइनी आणि आतील शंभर-सव्वाशे एक्स्टेन्शन यांची गाठ घालून देणे हे तिचे काम. कोणता फोन प्रथम कोठे वाजावा, तेथे कोणी न उचलल्यास किती वेळाने पुढे कोठे जावा, कचेरी सुटल्यावर कोठे, रविवारी कोठे, हे सारे तिच्या पोटात एका कोष्टकाच्या रूपाने भरून ठेवावे लागते. ते कोष्टक कोणीतरी माणूसच भरतो. आमच्या कचेरीत गेली दोन वर्षे ते काम आमच्याकडे आहे, आणि त्यातून जो एक प्रश्न आमच्या मनात उभा राहिला तो येथे मांडावयाचा आहे. एखाद्याची हाक ऐकू येऊ नये अशी व्यवस्था आपण आपल्या हातांनी केली, आणि मग ती हाक आपल्या कानांवर खरोखरच पडली नाही, तर ती न ऐकल्याचा दोष आपल्याकडे येतो काय?

या यंत्राचा जन्मच मुळी एका नैतिक तक्रारीतून झाला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था लावून देण्याचा व्यवसाय करीत असे. त्या काळी प्रत्येक फोन एक्स्चेंजमधील ऑपरेटर बाई हाताने जोडून देत. आपल्याकडे येऊ पाहणारी गिऱ्हाइके ऑपरेटरकडून प्रतिस्पर्ध्याकडे वळविली जातात असा संशय स्ट्रोजरला आला. ती ऑपरेटर त्या प्रतिस्पर्ध्याची पत्नीच होती असेही सांगतात. सांगोवांगीच्या गोष्टीत असा मसाला असावयाचाच. पण त्या संशयाच्या तिरमिरीत स्ट्रोजरने जो स्वयंचलित जोडणीचा खटाटोप केला, त्याचे पेटंट त्याला १८९१ साली मिळाले, आणि १८९२ साली इंडियाना संस्थानातील ला पोर्ट या गावी त्या पद्धतीचे पहिले सार्वजनिक एक्स्चेंज सुरू झाले. मध्ये माणूस नको, कारण माणूस पक्षपाती असतो, हा त्यामागचा विचार होता.

विचार चुकीचा नव्हता. परंतु स्ट्रोजरने पक्षपात नाहीसा केला असे आम्हांस वाटत नाही. त्याने तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवला. पूर्वी तो फोन येण्याच्या क्षणी, एका जिवंत बाईच्या बोटांत होता. आता तो कोष्टक लिहिण्याच्या क्षणी असतो, आणि तो क्षण महिनेन् महिने आधी येऊन गेलेला असतो. जुन्या ऑपरेटरजवळ गयावया करता येत असे, तिला रागे भरता येत असे. आणि तिसऱ्यांदा आलेला रडवेला आवाज ओळखून ती एखादे वेळी नियमाबाहेर जाऊन साहेबांशी गाठही घालून देई. कोष्टकाला आवाज ओळखू येत नाही. आमच्या पाहण्यात असे आले आहे की ज्याला आपण निःपक्षपातीपणा म्हणतो तो पुष्कळदा निव्वळ बहिरेपणा असतो.

आता आमची हकीकत. यंत्राच्या देखभालीचे कंत्राट संपले होते आणि नवे व्हावयास अवकाश होता. जाता जाता तेथील कारागिराने आम्हांस प्रोग्रॅमिंग शिकविले. शिकण्यासारखे फार नसते. ऑपरेटरच्या फोनवरून सांकेतिक आकडे दाबावयाचे, योग्य असल्यास यंत्र एक विशिष्ट स्वर देऊन संमती कळविते. थोड्याच दिवसांत आमच्या अधिकाऱ्यांनी बोलावून सांगितले, ‘अहो, चौकशीचे फोन सारखे वर येतात. काही तरी करा.’ हे तोंडी झाले. टिप्पणीत मात्र ‘कॉल-वितरणाची पुनर्रचना’ असे शब्द आले. त्या शब्दांवर सही करावयास कोणाचाच हात अडखळण्याचे कारण नव्हते. आमचाही अडखळला नाही.

येथे अधिकाऱ्यांवर अन्याय होऊ नये. त्या आठवड्यात संसदेतील एका प्रश्नाचे उत्तर त्यांना तयार करावयाचे होते आणि दर पाच मिनिटांनी फोन वाजत होता. प्रत्येक हाकेला ओ देणारा माणूस कोणतेच काम पुरे करू शकणार नाही. दार हवेच, आणि दार म्हटले की ते काही वेळ बंदही असणार. प्रश्न दाराचा नाही. दार लावणाऱ्याने बाहेर कोणी उभे आहे काय, हे पाहण्याचे बंधन स्वतःवर ठेवावे की नाही, एवढाच आहे.

तर आम्ही चौकशीच्या फोनांसाठी चार एक्स्टेन्शनांची माळ बांधली. या माळेचे दोन प्रकार असतात. एकात फोन आळीपाळीने सर्वांकडे जातो. दुसऱ्यात तो नेहमी पहिल्याकडे जातो, आणि तेथे लाइन गुंतलेली असेल किंवा कोणी उचलले नाही तरच पुढे सरकतो. दुसऱ्या प्रकारात पहिल्या जागी बसलेल्याच्या वाट्याला सर्वांत अधिक फोन येतात, हे सांगावयास गणिती नको. आम्ही दुसरा प्रकार निवडला आणि पहिल्या जागी त्याच वर्षी भरती झालेल्या मुलाचा क्रमांक घातला. आमचा स्वतःचा क्रमांक आम्ही माळेत घातलाच नाही. याचे कारण त्या वेळी कोणी विचारले नाही. आज विचारल्यास सांगावयास आमच्याजवळ कारण नाही. चौथ्या, म्हणजे शेवटच्या जागी एका वरिष्ठ सहायकांचा क्रमांक होता. पुढे त्यांची बदली झाली, खोली रिकामी झाली, तेथील फोनचे यंत्र काढून दुसरीकडे नेले. कोष्टकातील क्रमांक तसाच राहिला.

दूरध्वनीची एक खुबी येथे सांगितली पाहिजे. फोन करणाऱ्याला जी घंटी ऐकू येते ती पलीकडच्या खोलीत वाजणारी घंटी नव्हे. तो एक निराळा स्वर असून यंत्र तो त्याच्या कानात सोडते. खोलीत माणूस नसला, इतकेच काय, तारेच्या टोकाला फोनच नसला, तरी पेटी त्या तारेत घंटीचा प्रवाह सोडीत राहते आणि करणाऱ्याला तो आश्वासक स्वर ऐकवीत राहते.

अकरा आठवड्यांनंतर आम्ही यंत्रातील कॉलांची नोंद सहज काढून पाहिली. बुंदेलखंडाकडचा एक क्रमांक तीत पुन्हा पुन्हा येत होता, बहुतेक दररोज, दुपारच्या सुमारास. म्हणजे पहिले तिघे जेवावयास गेलेले असत तेव्हा. आम्ही त्या क्रमांकावर फोन लावला. आमच्याच खात्यातील एका दिवंगत शिपायाची पत्नी बोलत होती. कुटुंब निवृत्तिवेतनाचा एक कागद कमी होता. कोणता, एवढेच तिला विचारावयाचे होते. आम्ही दिलगिरी व्यक्त करू लागलो तेव्हा ती म्हणाली, ‘बेटा, घंटी तो रोज़ जाती थी. हमने सोचा साहब लोग काम में होंगे.’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि आम्हांस निरुत्तर केले ते त्यानेच. आम्ही तिच्याशी खोटे बोललो नव्हतो. एक शब्दही बोललो नव्हतो. तरी रोज दुपारी आमच्या वतीने एक यंत्र तिला सांगत होते की पलीकडे घंटी वाजते आहे, आणि ती त्यावर विश्वास ठेवीत होती.

हेच गाऱ्हाणे तिने पोस्टकार्डावर लिहिले असते तर त्याला आवक क्रमांक पडला असता. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला असता तर साधारणपणे तीस दिवसांची मुदत लागू झाली असती. कागदाला आपल्या राज्यकारभारात प्रतिष्ठा आहे, आवाजाला नाही. आणि जो लिहू शकत नाही त्याच्यापाशी बहुधा आवाजच असतो.

दूरध्वनीचे शास्त्र या बाबतीत आमच्यापेक्षा प्रामाणिक आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९१७ साली, इतक्या लाइनी असल्या तर शेकडा किती फोन परत जातील, हे काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. काही हाका वाया जाणार हे तो उघड मान्य करतो, आणि किती वाया जाऊ द्यावयाच्या हे आधी ठरवून मग लाइनी टाका असे त्या गणिताचे सांगणे आहे. आमच्या ‘पुनर्रचने’त असा आकडा कोठेही नव्हता.

कोणी म्हणेल, हा प्रमाद होता, पाप नव्हे. बदलीनंतर कोष्टक दुरुस्त करावयाचे राहून गेले, इतकेच. आम्हीही काही दिवस असेच म्हणून पाहिले. पण फोन वर येऊ नयेत या हेतूने जे बांधले, त्यातून फोन वर आले नाहीत. हेतू सफल झाला होता. चूक झाली असेल तर ती हेतू अपेक्षेपेक्षा अधिक चांगला सफल होण्याची. आणि म्हणूनच अकरा आठवड्यांत एकाही वरिष्ठाने विचारले नाही की चौकशा एकाएकी थंडावल्या कशा.

बाईंचा कागद मिळाला, प्रकरण पुढे गेले. माळ आता आळीपाळीची केली आहे. शेवटच्या जागी आम्ही आमचा क्रमांक घातला आहे, आणि महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरून कचेरीचा क्रमांक फिरवून, आपण परके आहोत असे समजून, घंटी ऐकत उभे राहतो.

दिवाळीसाठी गावी जाण्याची आमची दहा दिवसांची रजा काल मंजूर झाली. त्या दहा दिवसांपुरता शेवटच्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी क्रमांक घालावा लागेल. दोघांना विचारून झाले, दोघेही हसले. तिसऱ्याला उद्या विचारावयाचे आहे.