झाडाखालची मुले

शारीरिक शिक्षणाचा तास म्हटला, की दोन प्रकारची मुले डोळ्यांसमोर येतात. एक शर्यतीत पहिली येणारी. दुसरी झाडाखाली इतरांच्या चपला सांभाळत बसणारी. शाळेला ढाल मिळते ती पहिल्यांमुळे. मग दुसऱ्यांचे शिक्षक काही देणे लागतो काय?

प्रश्न नीतीचा आहे, आणि तो शिक्षक जेथे घडतो तेथेच सुटायला हवा. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांची आपल्याला ओळख आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७ साली, त्या उठावाच्या शताब्दीला निघाले. नाना भाषांची मुले तेथे शिकून शिक्षक झाली. अशा ठिकाणी भावी शिक्षक कवायत, मैदानाची आखणी, खेळांचे नियम आणि कौशल्ये शिकतो. या साऱ्यातून त्याची नजर तयार होते, ती बहुधा चांगला खेळाडू हेरणारी.

शरीराच्या क्षमता मात्र दोन जातींच्या आहेत. वेग, चपळाई, तोल, झेप या खेळाडूच्या. हृदय-फुप्फुसांचा दमसास, स्नायूंची ताकद आणि त्यांचा टिकाव, सांध्यांची लवचिकता, अंगातील चरबीचे प्रमाण या आरोग्याच्या. अमेरिकेतील शारीरिक शिक्षकांच्या संघटनेने १९५८ साली शालेय चाचणी काढली, तीत पन्नास यार्डांची धाव होती, चेंडूफेक होती. १९८० साली त्याच संघटनेने आरोग्यासाठी वेगळी चाचणी केली. तीत लांब पल्ल्याची धाव, उठाबशीसारखा पोटाचा व्यायाम, बसून पुढे वाकणे आणि त्वचेच्या घडीचे माप एवढेच ठेवले. फरक चाचणीपुरता नाही. वेगात एक पहिला आला की बाकीचे मागे पडतात; एकाचा दमसास वाढल्याने दुसऱ्याचा कमी होत नाही. येथे कुणी हरण्याची गरजच नसते.

तथापि आरोग्याच्या मोजमापातही एक धोका आहे. वर्गासमोर वजन पुकारले, की तो आकडा मुलाच्या चारित्र्यावरचा शेरा होतो. शरीराची ठेवण वारशाने येते. ताटात काय पडते आणि घरकामातून मुलीला खेळायला सवड मिळते की नाही, हे मुलांच्या हाती नसते. जे त्यांनी निवडलेले नाही, त्याचा दोष त्यांना कसा द्यावा?

म्हणून मोजूच नये, असे कुणी म्हणेल. पण लाज वाटू नये म्हणून मुलाला झाडाखाली बसू देणे ही दया नव्हे, उपेक्षाच होय. मोजावे, मात्र आकडा शिक्षक आणि मूल या दोघांतच राहावा, आणि तुलना त्याच मुलाच्या मागच्या महिन्याशी व्हावी. स्वतःची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायला त्याला शिकवावे. चाळिशीत शिट्टी वाजविणारे गुरुजी नसतील, तेव्हा हेच ज्ञान सोबत राहील.

यासाठी शिक्षक-प्रशिक्षणातील सरावपाठाची परीक्षाच बदलावी लागेल. रांगा किती सरळ होत्या, आज्ञा किती खणखणीत होत्या, हे परीक्षकाने जरूर पाहावे. त्याबरोबर तासाला किती मुले खरोखर हलली आणि किती नुसती उभी होती, हेही मोजावे. भावी शिक्षकाला गुण त्यावर मिळू लागले, तर त्याचे लक्ष आपोआप झाडाकडे जाईल. चपला काय, मैदानाच्या कडेला राखण नसली तरी राहतात.