वाटेवरच्या गावाचे पुण्य

ज्येष्ठ वद्य सप्तमीस श्रीक्षेत्र देहू येथून जगद्‌गुरू श्री संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे प्रस्थान होते. महाराजांचे चिरंजीव श्री नारायण महाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये या सोहळ्याची परंपरा सुरू केली. पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी मजल दरमजल करीत पालखी बारामती तालुक्यात येते. उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर व सराटी ही यापुढील मुक्कामाची स्थाने होत. सराटी येथे नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घालण्यात येते आणि त्यानंतर पालखी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते.

ऊन-पाऊस अंगावर घेत चालणाऱ्या वारकऱ्याचे पुण्य सर्वांस मान्य आहे. परंतु या मार्गावर दुसराही एक मोठा समुदाय असतो. तो चालत नाही, थांबतो. आषाढ हा पेरणीचा काळ. इंदापूर तालुका व बारामतीचा जिरायती भाग हा कमी पावसाचा मुलूख. येथे पावसाची एक सर आली की चाड्यावर मूठ धरावीच लागते. कोणाच्या घरी अंथरुणास खिळलेले वडील असतात, कोणाच्या गोठ्यात दुभती जनावरे. अशी माणसे वारकऱ्यांसाठी भाकरी थापतात, पाणी देतात, अंगणात निवारा देतात आणि पालखी पुढे गेली की पुन्हा आपल्या कामाला लागतात. मग प्रश्न असा पडतो, की यांचे पुण्य वारीच्या पुण्याहून उणे आहे काय? न जाऊ शकणाऱ्यांच्या समाधानासाठी सांगितलेली ही केवळ दुय्यम सेवा आहे काय?

न गेलेले भक्त

या प्रश्नाचे उत्तर पंढरीच्या कथेतच आहे. भक्तराज पुंडलिक मातापित्यांच्या सेवेत रमलेला असता साक्षात भगवंत दारी आले. पुंडलिकाने हातची सेवा सोडली नाही. वीट पुढे सारून देवास थांबण्यास सांगितले, आणि देव थांबले. लाखो भाविक ज्या विटेवरील मूर्तीच्या दर्शनास जातात, ती मूर्ती एका कर्तव्य न सोडणाऱ्या भक्ताचीच साक्ष देत उभी आहे.

संत सावता महाराजांचेही असेच आहे. माढा तालुक्यातील अरण या गावी त्यांनी मळ्यातील कामातच विठ्ठल पाहिला. आषाढीस अनेक संतांच्या पालख्या पंढरपुरास येतात. मात्र सावता महाराजांच्या भेटीसाठी पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून अरणला जाते. याचा अर्थ वारी अनावश्यक आहे असा नव्हे. आपल्या वाट्याचे कर्तव्य निष्ठेने करणाऱ्यापासून देव दूर नसतो, एवढाच याचा अर्थ आहे.

देणाऱ्याची कसोटी

तथापि सेवेचे पुण्य आपोआप मिळत नाही. दानामध्ये एक सूक्ष्म धोका असतो. देणारा उंच होतो व घेणारा खाली जातो. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे भेद सांगितले आहेत. परतफेडीच्या वा फळाच्या हेतूने दिलेले दान राजस आणि अवहेलना करून दिलेले दान तामस होय. अन्नाच्या पातेल्यापेक्षा दात्याच्या नावाचा फलक मोठा झाला, की दान कोणत्या प्रकारात मोडते, हे ज्याचे त्याने तपासावे.

वारकरी परंपरेने या धोक्यावर एक साधा उपाय योजिला आहे. येथे घेणारा आणि देणारा दोघेही एकमेकांस ‘माउली’ म्हणतात व एकमेकांच्या पायांवर मस्तक ठेवतात. काटेवाडी येथे परीट समाज पालखीसाठी धोतराच्या पायघड्या अंथरतो. तेथेच धनगर बांधवांची मेंढरे पालखीभोवती धावून रिंगण करतात. आपल्या नित्याच्या व्यवसायातले जे आहे, तेच ते देवापुढे ठेवतात. पुढे बेलवाडीस अश्वांचे गोल रिंगण होते. पण मेंढरांच्या रिंगणाचा मान त्याहून कमी मानला जात नाही.

मात्र खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. आज ज्यास माउली म्हटले, त्याच्याशी उद्या शेताच्या बांधावर, पाणवठ्यावर, बाजारात तसेच वागणे होते काय? होत नसेल, तर कालचा नमस्कार हा केवळ उपचार ठरतो.

अन्य देशांतील वाटा

हा विचार एका पंथापुरता नाही. इराकमध्ये इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याच्या चाळिसाव्या दिवसानिमित्त नजफ ते करबला हे सुमारे ८० किलोमीटरचे अंतर लाखो लोक चालतात. वाटेवरचे रहिवासी मंडप घालून त्यांना विनामूल्य भोजन व विश्रांती देतात. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेविषयी बाराव्या शतकात लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात यात्रेकरूंचे स्वागत कसे करावे, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. जेथे जेथे माणूस देवासाठी चालला, तेथे तेथे कोणीतरी दार उघडून उभा राहिला.

कोणास कोणाची गरज?

सन २०२० व २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे पायी सोहळा या मार्गाने गेला नाही. पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. सन २०२२ मध्ये पालखी पुन्हा पायी निघाली. त्या दोन वर्षांत वाढण्याची इच्छा असूनही पंगत नव्हती. घेणारा येतो म्हणूनच देणाऱ्यास देता येते, हे तेव्हा स्पष्ट झाले. म्हणून वारकरी हा गावाचा याचक नव्हे आणि गाव हे वारकऱ्याचे उपकारकर्ते नव्हे. दोघांचे पुण्य परस्परांवर अवलंबून आहे.

यातूनच दोघांची कर्तव्ये निश्चित होतात. गावाने दिलेले विसरावे. वारकऱ्याने घेतलेले विसरू नये. पानात हवे तेवढेच घ्यावे, अन्न टाकू नये, मुक्कामाची जागा सोडताना ती स्वच्छ ठेवावी, नदी-ओढ्याचे पाणी दूषित करू नये, नव्याने पेरलेले रान तुडवू नये. ज्या माउलीने भाकरी दिली, तिला पालखी गेल्यावर दोन दिवस कचरा उचलावा लागला, तर त्या यात्रेत काही उणे राहिले असे समजावे. पंढरीस पोहोचल्यावर विठुरायाच्या चरणी मस्तक ठेवताना वाटेवरच्या त्या अंगणाचेही स्मरण करावे, म्हणजे तेथे थांबलेल्यांची वारीही त्या चरणांपाशी रुजू होईल.