भरताचे पाडस आणि आमचे घमेले

जडभरताचे आख्यान आम्ही चाळीस वर्षे लावीत आलो. भागवताच्या पंचम स्कंधातील ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. राज्य टाकून गंडकीतीरी तप करणारा भरत राजा, सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली गाभण हरिणी आणि पाण्यात पडलेले तिचे पाडस. राजाने ते उचलले, वाढविले. त्याच्या लळ्यात नित्यकर्म सुटले आणि अंतकाळी त्याचाच ध्यास राहून पुढला जन्म हरणाचा आला. येथे आम्ही टाळकऱ्यांकडे वळून म्हणत असू, "पाहा, ममता काय करते ती!" श्रोते माना डोलवीत, आणि आमचेही समाधान होई.

गेल्या ज्येष्ठात मात्र ही कथा आमच्या अंगणात आली. कळमेश्वरात पहिला पाऊस बरा पडला, आणि मग उघाड झाली. घरामागे कोणी पाया खणून ठेवला आहे. त्यातले पाणी आटून परातीएवढे राहिले, आणि त्यात बेडकांची शेपटीवाली पिले नुसती वळवळत होती. नातीने पाहिले. "आबा, हे मरून जातील न!" म्हणाली आणि तांब्या घेऊन धावली. आम्ही अडविले नाही. वीसेक जीव घमेल्यात आले.

शेजारी एक माळकरी राहतात. ते कुंपणावरून म्हणाले, "महाराज, जडभरत सांगता अन् घरी बेंडकं पाळून राहिले?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न हसण्यावारी जाण्यासारखा नव्हता.

सहाव्या दिवशी पाऊस आला. खड्डा भरला. नात म्हणाली, "आबा, आता सोडून देऊ?" आणि आम्ही, चाळीस वर्षे ते आख्यान लावणारे आम्ही, म्हणालो, "राहू दे, थोडी मोठी होऊ दे." खड्डा पुन्हा आटेल, हे कारण आम्ही सांगितले. कारण खोटे नव्हते. पण खरे कारण ते नव्हते. आम्हाला ती पाहण्याची गोडी लागली होती.

आणि गोडी लागावी असेच ते आहे. नळाचे पाणी औषध घातलेले असते, म्हणून ते एक दिवस उघडे ठेवून मग घालायचे. उकडलेला पालक चिमूटभर द्यायचा, जास्त दिला की पाणी नासते. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. शेपटी गळून पडत नाही, ती अंगातच जिरते, आणि त्या दिवसांत पिलू काही खात नाही. कल्ले जाऊन फुप्फुसे येतात. तेव्हा बाहेर यायला दगड हवा, नाहीतर पाण्यात जन्मलेला जीव पाण्यातच बुडून मरतो. हे आम्हाला दोन पिले गेल्यावर कळले.

पुढे आणखी वाईट झाले. घमेल्यातली दोन पिले भराभर वाढत होती आणि बाकीची मोजताना कमी भरत होती. पावसात शेतात डरावणाऱ्या मोठ्या बेडकाची ती पिले. त्यांची जातच दुसऱ्या पिलांना खाणारी. नात रडू लागली. "आपण यायले मरासाठीच आणलं का, आबा?" आता याला शास्त्री काय उत्तर देणार? खड्ड्यातही त्यांनी हेच केले असते, हे खरे. पण तिथे लहानांना पळायला जागा होती, लपायला गवत होते. घमेले आमचे होते. ती दोन आम्ही त्याच दिवशी खड्ड्यात सोडली. बाकीची तरीही ठेवली! त्याच सायंकाळी हरिपाठ म्हणताना मध्येच थांबून आम्ही घमेल्यात डोकावून आलो. तेव्हा आमचे आम्हालाच भरताचे पाडस दिसले.

आषाढी पौर्णिमेच्या सुमारास धापेवाड्यास, चंद्रभागेकाठी, आमचे कीर्तन होते. तेथे आम्ही प्रथमच ही कथा हरणाच्या जन्मावर न थांबवता पुढे नेली. तिसऱ्या जन्मी भरत ब्राह्मणाच्या घरी आला, रहूगण राजाने त्याला पालखीला जुंपले, आणि पालखी हिसके खाऊ लागली. का? तर पायाखाली जीवजंतू येऊ नयेत म्हणून हा बाणभर पुढची जमीन पाहून पाऊल टाकीत होता. म्हणजे पाडसापायी दोन जन्म गेले, तरी दया काही त्याने सोडली नाही! उलट राजाचा रोष पत्करून सांभाळली. सुटले ते एवढेच, की वाचलेली मुंगी त्याने मागे वळून पाहिली नाही. पाडस पाण्यातून काढले यात भरताचा दोष नव्हताच. ते कळपात जाण्याजोगे झाले, तेव्हा त्याने कळप शोधला नाही. आमचा खड्डा भरला तो दिवस तसाच होता, आणि हे आम्ही चाळीस वर्षे श्रोत्यांना सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. अकरा उरली होती, नखाएवढी, चार पायांची. दुसऱ्या तळ्यात न नेता त्याच खड्ड्याच्या काठी नेली, कारण पाण्याबरोबर रोगही हिंडतो. घमेले आडवे केले. गवतात कोण कुठे गेले, कळलेही नाही. "आबा, त्यानं पाहिलंसुद्धा नाही आपल्याकडे," नात म्हणाली. घरी येताना ती बोलली नाही, आम्हीही नाही.

रात्री पाऊस झाला आणि खड्ड्याकडून बेडकांचे पठण सुरू झाले. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठांनी त्या आवाजाला ब्राह्मणांच्या पठणाची उपमा दिली आहे. त्यात आमची नव्हती, कारण वयात आलेला नरच तेवढा डरावतो. आमची म्हणालो, पाहा, जीभ पुन्हा घसरली.