तीन किलो डांगर

गिरगावातल्या एका चाळीत समोरासमोर दोन बिऱ्हाडं होती. दोघींचे नवरे एकाच गिरणीत, आणि दोन्ही घरांत पगार महिन्याच्या वीस तारखेला संपायचा. म्हणून दोघींनी पापड लाटायचं काम धरलं. सकाळी केंद्रावरून मळलेलं उडदाचं डांगर मोजून आणायचं, घरी लाटायचं, उलट्या टोपल्यांवर वाळवायचं, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. लोक याला 'घरबसल्या काम' म्हणतात. हा शब्द काढणाऱ्याने कधी लाटणं हातात धरलं नसावं.

डावीकडची रोज तीन किलो आणायची. उजवीकडचीला वाटलं, माझे हात हिच्याहून चपळ, मी पाच आणीन.

पहिला आठवडा झकास गेला. पण मुलगा शाळेतून यायचा तेव्हा निम्मं डांगर तसंच पडलेलं असायचं.

"आई, हे गणित बघ ना."

"थांब रे, एवढी लाटी होऊ दे."

लाट्या काही संपायच्या नाहीत. मुलगा वही घेऊन गॅलरीत जाऊन बसायचा. तीन वाजता खिडकीतलं ऊन जायचं आणि मागाहून लाटलेले पापड दमटच डब्यात पडायचे. एक दिवस केंद्रावर डबा उघडला तर पापड एकमेकांना चिकटलेले. सगळा डबा परत आला. त्याच दिवशी मुलाच्या वहीत बाईंचा लाल शेरा होता.

ती खोली नंबर एकमधल्या आजींकडे जाऊन रडली.

आजी म्हणाल्या, "लिज्जत पापड खातेस ना? 1959 साली याच गिरगावात सात जणी गच्चीवर लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पाकिटं किती झाली? चार. पाऊस आला, पापड वाळेनात, तर चार महिने काम बंद ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात एक खाट आणली, वर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. आधी सोय केली, मग काम वाढवलं. तू काम वाढवलंस आणि आता सोय शोधत फिरतेस."

ती गप्प राहिली.

"तुझ्या खिडकीत ऊन किती वेळ असतं?"

"अकरा ते तीन."

"आणि पोरगं शाळेत?"

"साडेसात ते साडेबारा."

"मग डांगर तेवढ्याच वेळाचं आण. जास्त हवं असेल तर तूही एक खाट बघ."

"आमच्या एवढ्याशा खोलीत आणखी खाट कुठे मावणार, आजी?"

आजींनी काठी गॅलरीकडे केली. तिथे तिचा नवरा, पहिल्या पाळीहून आलेला, पाय पसरून पेपर वाचत होता. "ती बघ. चांगली भक्कम आहे."

नवऱ्याने ऐकलं. पेपराची घडी घालून तो उठला.

दुसऱ्या दिवसापासून घरात तीन किलो डांगर येऊ लागलं. टोपल्यांवरचे पापड उचलून डब्यात रचायचं आणि मुलाचं गणित बघायचं काम नवऱ्याकडे गेलं. पहिले दोन दिवस त्याने बरेच पापड मोडले, मग हात बसला. दिवाळीच्या सुट्टीत ती चार किलो आणू लागली. मार्चमध्ये मुलाची परीक्षा होती, त्या महिन्यात दोनच.