एक मेज, की दोन पंगती?

(वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१–७, गलती. २:११–१४)



आरंभीच्या मंडळीचा विषय निघाला म्हणजे तिची प्रार्थना, तिचे ऐक्य व तिने सोसलेला छळ आपणांस आठवतो. परंतु पवित्र शास्त्र तिची भांडणेही लपवीत नाही. आणि त्यांपैकी दोन भांडणे जेवणावरूनच झाली.

पहिले यरुशलेमेत. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होऊ लागली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस दटाविले नाही. सात जण निवडावयास सांगितले. स्तेफन, फिलिप्प इत्यादी सातांची नावे पाहा; सर्व ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांवर मंडळीने विश्वास टाकिला, असे ह्यावरून दिसते.

दुसरे अंत्युखियात. पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवीत असे; पण याकोबाकडची माणसे येताच तो भिऊन वेगळा झाला. त्याने तोंडाने ख्रिस्ताला नाकारिले नव्हते. तो केवळ पंगतीतून उठला होता. तरी पौलाने त्यास सर्वांदेखत दोष दिला. कारण पंगतीतून उठणे म्हणजे सुवार्तेपासून ढळणे होय.

आता आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट ऐका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई पुढे पतीजवळ राहावयास आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. राहुरीस असता त्यांच्या मनाने घेतले की, जातिभेद देवाचा नव्हे, माणसांचा आहे. आणि त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. बाप्तिस्म्याच्या पाण्याजवळ येण्यापूर्वीच त्या बंधुत्वाच्या पंगतीत बसल्या. आपले ह्याच्या उलट तर झाले नाही ना?

बंधूंनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या वाडवडिलांस गावकुसाबाहेर राहावे लागले. विहिरीवर त्यांच्या घागरीत दुसऱ्याने वरून पाणी ओतावे, तेव्हा ती भरे. ते दुःख ज्यांच्या घरात अजून सांगितले जाते, त्यांनीच सोयरीक जुळविताना "हे मूळचे कोण?" असे विचारावे काय? रविवारी एका भाकरीचे भागीदार व्हावे, आणि सोमवारी शेजारच्या वस्तीतील बंधूच्या घरी पाण्याचा पेलाही घेण्यास कचरावे काय? असे असेल, तर आपण गावकूस पाडिले नाही. मंडळीच्या आत नवे बांधिले.

म्हणून ह्या आठवड्यात, ज्या बंधूच्या घरी आपण कधी जेवलो नाही, त्याच्या घरी जाऊन जेवावे. पंच निवडताना, ज्यांस आजवर कोणी विचारिले नाही, त्यांतूनही निवडावे. उपदेशकांनी भेटीस निघताना वस्तीच्या शेवटच्या घरापासून आरंभ करावा. आणि आपल्या हातून पेत्रासारखी चूक झाली असेल, तर निराश होऊ नये. पेत्राला प्रभूने टाकिले नाही.

ज्याने जकातदारांबरोबर भोजन केले, तो प्रभू आपणां सर्वांस एकाच मेजाजवळ बसवो. आमेन.