तसबीर आणि नियत

मे महिन्याच्या सुट्टीत मुरूड, दिवेआगर किंवा श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. सूर्य पाण्याला टेकायला येतो आणि शेकडो हात वर होतात. कुणाच्या हातात मोबाईल असतो, कुणाच्या गळ्यात लांब नळीचा कॅमेरा. मुंबई-पुण्याचे पाहुणे असतात, तशी दुबई-कुवेतहून रजेवर आलेली आपली मुलेही असतात. दोन कॅमेरेवाले भेटले की पहिला सवाल ठरलेला, "कुठली कंपनी? केवढ्याला पडला?" काय टिपले, हा सवाल शेवटपर्यंत येत नाही. एखादे छायाचित्र खरोखर चांगले निघाले, तर बघणारा म्हणतो, "कॅमेरा भारी दिसतोय!" तारीफ यंत्राची होते, बघणाऱ्या डोळ्यांची होत नाही.

वरवर पाहता ही साधी गोष्ट आहे. पण तिच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे असे आम्हांला वाटते. माणूस आणि त्याचे साधन यांच्यात धनी कोण आणि चाकर कोण? साधन वाढत गेले म्हणजे माणूस वाढतो का?

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी स्वतःची कबुली दिलेली बरी. कोकणी मुसलमानांच्या कित्येक घरांत भिंतीवर तसबीर लावण्याचा रिवाज नव्हता. घरातला पहिला फोटो निघाला तो पासपोर्टसाठी, हजला जाण्याकरिता किंवा आखातात नोकरीला जाण्याकरिता. आमच्या घरातही तसेच झाले. पुढे मामूंनी कुवेतहून येताना अत्तराच्या बाटल्या आणि टेपरेकॉर्डरसोबत एक कॅमेरा आणला आणि तो आमच्या हाती आला. रोलमध्ये 36 चित्रे. रोल महाग, धुण्याचा खर्च वेगळा आणि प्रिंट हाती यायला पंधरा दिवस. त्यामुळे बटण दाबण्याआधी दहा वेळा विचार व्हायचा. उजेड कुठून येतो आहे, समोरची व्यक्ती अवघडली आहे का, आणखी दोन पावले पुढे जावे का, हे सारे आधी मनात व्हायचे.

मग डिजिटल कॅमेरे आले. एका संध्याकाळी सहाशे चित्रे निघू लागली. तीन वर्षांत आम्ही दोन कॅमेरे बदलले, भिंगे घेतली, भिंगांसाठी पिशव्या घेतल्या. चित्रे मात्र तीच राहिली : तोच सूर्यास्त, तीच होडी, तेच नारळाचे झाड. फक्त अधिक स्पष्ट! जे आम्हांला दिसतच नव्हते, ते कॅमेऱ्याला कुठून दिसणार?

आपल्या किनाऱ्यावर साधनाचा खरा अर्थ जाणणारा माणूस म्हणजे तांडेल. पूर्वी तांडेल भर समुद्रात आपली जागा ओळखायचा ती डोंगराचे टोक आणि किनाऱ्यावरचे एखादे झाड किंवा मिनार एका रेषेत आणून. आज त्याच्याजवळ जीपीएस आहे, माशांचा थवा दाखवणारे यंत्र आहे. त्याने ती यंत्रे नाकारली नाहीत आणि डोक्यावरही घेतली नाहीत. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटीचा हिशोब त्याच्या डोक्यात अजून आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या ओढून ठेवलेल्या असतात. तेव्हा तो सावलीला बसून जाळ्याची एकेक गाठ तपासतो. साधनाला साधन मानणे म्हणजे त्याला तुच्छ लेखणे नव्हे. त्याची निगा राखणे, त्याची ताकद आणि त्याची हद्द दोन्ही ओळखणे, आणि एवढे करून नजर समुद्रावर ठेवणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

छायाचित्रकारालाही हेच लागू आहे. खाऱ्या हवेने कॅमेऱ्याचे धातूचे भाग गंजतात, पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. जो आपले यंत्र पुसून, कोरडे करून ठेवत नाही, त्याला नव्या यंत्राची हौस करण्याचा हक्क नाही. आणि सुपारीच्या वाडीत दुपारी ऊन आणि सावली यांत इतका फरक असतो, की कुठल्याही कॅमेऱ्याची तिथे कसोटी लागते. ज्याला आपल्या यंत्राची हद्द ठाऊक आहे तो सकाळची वाट पाहतो. ज्याला ठाऊक नाही तो नवे यंत्र शोधतो.

या विद्येशी आपले नाते जुने आहे. बसऱ्यात इसवी सन 965 च्या सुमारास जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात म्हणून आपल्याला दिसते, असे त्यापूर्वी अनेक विद्वान मानत. इब्न अल-हैसम यांनी दाखवले की उजेड वस्तूकडून डोळ्यात येतो. बारीक छिद्रातून अंधाऱ्या जागी उमटणाऱ्या प्रतिमेचाही त्यांनी अभ्यास केला. आजच्या कॅमेऱ्याच्या पोटात ती अंधारी खोलीच आहे, आणि 'कॅमेरा' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही खोली असाच आहे. पण त्यांची आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. डोळा फक्त उजेड आणि रंग घेतो. समोर काय आहे हे ओळखण्याचे, तुलना करण्याचे, निवाडा करण्याचे काम बुद्धी करते, असे त्यांनी मांडले. म्हणजे अल्लाहने दिलेला डोळादेखील एका अर्थाने साधनच! मग बाजारातून आणलेल्या भिंगाची काय कथा?

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्यायचे तर दादासाहेब फाळके यांचे घेता येईल. 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पण त्यावर त्यांनी आधी काय चित्रित केले? वाटाण्याच्या रोपाची वाढ! थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत त्यांनी बीजातून रोप उगवताना दाखवले. ते पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. यंत्र परदेशी होते. कुंडीतले रोप रोज पाहत बसण्याचा सब्र मात्र त्यांचा स्वतःचा होता.

आता जंजिऱ्याकडे येऊ. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाताना आम्ही अनेकदा पाहिले आहे, की होडी किनारा सोडते न सोडते तोच कॅमेरे सुरू होतात. लांबून किल्ला म्हणजे पाण्यात उभी असलेली एक सलग काळी भिंत दिसते. दरवाजा दिसत नाही. होडी अगदी जवळ गेल्यावरच बुरुजांच्या मधोमध तो उघडा होतो. तोवर कॅमेरेवाल्यांची हौस फिटलेली असते. आत गेल्यावर कलाल बांगडी तोफेपाशी पुन्हा गर्दी. तोफ आजही तिथे आहे, पण ती चालवणारे हात गेले आणि ती पाठ टेकून फोटो काढण्याची जागा झाली. चालवणारा नसेल तर सर्वांत मोठ्या यंत्राचे हेच होते.

इथपर्यंत आम्ही कारागिरीबद्दल बोललो. पण ज्या प्रसंगाने आम्हांला हा लेख लिहायला भाग पाडले, तो निराळा आहे.

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनजवळच्या किनाऱ्यावर धडकले. पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत झोपल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. एक वाडी उभी करायला पिढ्या लागतात. रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही नवा कॅमेरा घेऊन एका वाडीत गेलो. खरे सांगायचे तर मनात दुःख होते आणि हावही होती. पावसाळी उजेड सुरेख होता. पडलेल्या खोडांच्या तिरक्या रेषा, मधोमध बसलेली एक वृद्ध खाला, मागचे सगळे धूसर. आम्ही भराभर चित्रे घेतली.

खालांनी विचारले, "बेटा, पंचनाम्याला आलास का?"

आम्ही नाही म्हणालो. फोटो काढायला आलो, म्हणालो.

"मग बघू दे. ह्यात माझी झाडे किती पडली ती मोजता येतील?"

आम्ही कॅमेऱ्याच्या मागचा पडदा त्यांच्यापुढे धरला. एकही झाड मोजता येत नव्हते. जी धूसरता मिळवण्यासाठी आम्ही ते महागडे भिंग घेतले होते, तिनेच त्यांची वाडी पुसून टाकली होती. खाला काही बोलल्या नाहीत. त्यांच्या पुतण्याने खिशातून काच तडकलेला मोबाईल काढला. त्याने वाडीच्या चारही कोपऱ्यांत उभे राहून, बांध आणि विहीर दिसेल अशा बेताने, सगळी पडलेली खोडे टिपली होती. प्रत्येक खोडावर कोळशाने आकडा घातला होता. ती चित्रे सुंदर नव्हती, पण त्यांत सगळी वाडी होती.

त्या दिवसांत झाडांचा आकडा ही लहान गोष्ट नव्हती. हेक्टरी भरपाईच्या हिशोबात इथल्या काही गुंठ्यांच्या वाड्या बसत नव्हत्या. झाडागणिक भरपाई द्या, अशी मागणी किनाऱ्यावरून होत होती. पुतण्याच्या चित्रांना काम होते. आमच्या चित्रांना फक्त दाद हवी होती.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. चूक भिंगाची नव्हती. त्याच भिंगाने, थोडे मागे सरून, छिद्र लहान करून, अख्खी वाडी स्पष्ट टिपता आली असती. आम्ही यंत्राला आमच्या कामाला लावले नव्हते, यंत्रानेच आम्हांला आपल्या कामाला लावले होते. ते जे उत्तम करू शकते तेच आम्ही करत गेलो. समोरच्या माणसाला कशाची गरज आहे, हे विचारायचे राहून गेले.

आपल्यात तसबिरीवरून वाद जुना आहे. काही बुजुर्ग आजही फोटोला राजी नसतात. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतिई यांनी मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुस्तिका लिहून छायाचित्राला जायज ठरवले. हे नवे काही घडवणे नसून आरशासारखे प्रतिबिंब धरून ठेवणे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आम्ही आलिम नाही, निवाडा करणार नाही. पण वाडीतून परतल्यावर वाटले, की त्या बुजुर्गांच्या संकोचात एक इशारा आहे आणि तो प्रत्येक छायाचित्रकाराने ऐकावा. दुसऱ्याचा चेहरा ही अमानत आहे. ती घेताना नियत काय आहे, हा सवाल कॅमेऱ्याला विचारता येत नाही. तो आपल्यालाच विचारावा लागतो.

होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याचा सोहळा, नेहरू, गांधीजींचे अखेरचे दर्शन, हे सारे त्यांनी त्या काळातल्या अवजड कॅमेऱ्यांवर टिपले. 1970 मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांची वागणूक, सभ्यतेचा ऱ्हास त्यांना सहन होईना. तोवर कॅमेरे हलके झाले होते, वेगवान झाले होते. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, पण कॅमेरा त्यांनी पुन्हा उचलला नाही.

कुणी म्हणेल, ही पोट भरलेल्यांची गोष्ट झाली. निकाहच्या अंधाऱ्या मंडपात काम करणाऱ्या गरीब पोराला चांगले यंत्र लागतेच. मान्य आहे. रोजीसाठी लागणारे हत्यार जरूर घ्यावे, कर्ज न काढता घ्यावे आणि पूर्ण शिकून घ्यावे. आमचे म्हणणे इतकेच, की यंत्र बदलण्याआधी एकदा उभे राहण्याची जागा बदलून पाहावी. वर्षभर एकच भिंग वापरावे. एकाच मोहल्ल्यात, एकाच बंदरावर, सगळ्या ऋतूंत जावे. रोज 36 चित्रांची मर्यादा स्वतःला घालावी. आणि ज्याचा फोटो घेतला त्याच्या हातात प्रिंट द्यावी. चित्र पाहून त्याला काय वाटते, यातून जे शिकायला मिळते ते कुठल्याही माहितीपुस्तिकेत नसते.

आम्ही त्या वाडीत पुन्हा गेलो, तेच भिंग घेऊन. या वेळी आधी खालांजवळ बसलो, चहा घेतला. मग त्यांनी दाखवलेल्या जागी उभे राहून चित्रे घेतली : विहीर, बांध, आकडे घातलेली खोडे आणि त्यांच्यामध्ये नव्याने लावलेली सुपारीची रोपे. प्रिंट दिली तेव्हा त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली आणि बोटाने रोपे मोजू लागल्या. एकही सुटले नव्हते.