मोजक्या गाड्यांचे अर्थकारण

अ‍ॅस्टन मार्टिन ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार कंपनी 1913 साली लंडनमध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत तिचे सात वेळा दिवाळे निघाले, असे सर्वसाधारणपणे मोजले जाते. प्रत्येक वेळी पैसा संपला, पण गाड्यांची कीर्ती शाबूत राहिली आणि त्या कीर्तीपोटी कुणी ना कुणी नवा धनिक पुढे आला. संस्थापक लायोनेल मार्टिन आणि रॉबर्ट बॅमफर्ड यांच्यापैकी बॅमफर्ड 1920 मध्येच बाहेर पडले. मग काउंट लुई झ्बोरोव्स्की या श्रीमंत शर्यतपटूने भांडवल पुरवले. 1924 मध्ये मोन्झाच्या शर्यतीत तो मरण पावला, त्याच वर्षी कंपनी बुडाली आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा बुडाली. 1947 मध्ये गिअर आणि ट्रॅक्टर बनवणारे उद्योजक डेव्हिड ब्राउन यांनी ‘द टाइम्स’मधली जाहिरात वाचून ती 20,500 पौंडांना विकत घेतली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘डीबी’ मालिकेचे नाव पडले. 1959 मध्ये ल मान्सची 24 तासांची शर्यत कंपनीने जिंकली. 1964 मध्ये ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटातून डीबी 5 जगभर पोहोचली. एवढा लौकिक असलेली कंपनी 1972 मध्ये ब्राउन यांनी तिची देणी फेडून केवळ शंभरेक पौंडांच्या नाममात्र किमतीला विकली. पुढच्या मालकांनाही ती झेपली नाही. 1974 संपताना कारखान्याला टाळे लागले.

असल्या इतिहासाचा दोष बहुधा मालकांच्या उधळपट्टीला किंवा कारभारातल्या ढिलाईला दिला जातो. ते पुरते खरे नाही. उधळे मालक या धंद्यात होऊन गेले, तसे काटकसरी आणि कष्टाळूही होऊन गेले, आणि त्यांच्याही कंपन्या बुडाल्या. मूळ अडचण या धंद्याच्या हिशेबातच आहे. नवे इंजिन उभे करणे, गाडी भिंतीवर आदळवून घ्यायच्या सुरक्षा चाचण्या, धुराच्या उत्सर्जनाचे नियम, एअरबॅग आणि ब्रेकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हा खर्च गाड्या किती विकणार यावर ठरत नाही. समजा, एका नव्या इंजिनाला 10 कोटी पौंड लागले. वर्षानुवर्षे मिळून 5 लाख गाड्या विकणाऱ्या कंपनीला तो भार गाडीमागे 200 पौंड पडतो. 5 हजारच गाड्या विकणाऱ्याला तोच भार 20,000 पौंड पडतो. ग्राहक कितीही धनाढ्य असला तरी किंमत एका मर्यादेपलीकडे गेली की तो फेरारी किंवा पोर्शेच्या दालनात जातो, कारण तिथेही त्याला उत्तमच गाडी मिळते. नियम करणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक आहे. युरोपीय संघाने कार्बन उत्सर्जनाच्या बाबतीत वर्षाला 10 हजारांहून कमी गाड्या विकणाऱ्या उत्पादकांना वेगळी सवलत मागण्याची सोय ठेवली. पण अपघाताच्या चाचणीत गाडी आदळवायचीच असते, आणि आदळलेली गाडी विकता येत नाही.

मागणीचा स्वभाव हे दुसरे संकट. रोजच्या वापराची गाडी मोडली की नवी घ्यावीच लागते. दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार कुणाला कधीच ‘घ्यावी लागत’ नाही, तिची खरेदी सहज पुढे ढकलता येते. शेअर बाजार कोसळला की सर्वांत आधी रद्द होतात त्या याच नोंदण्या. 1973 चा तेलाचा भडका, 1990 नंतरची मंदी, 2008 चे वित्तीय अरिष्ट या प्रत्येक वेळी हेच घडले. 1992 मध्ये अ‍ॅस्टन मार्टिनच्या पन्नासही गाड्या बनल्या नाहीत. कुशल कारागिरांना मात्र मंदीतही पगार द्यावाच लागतो. पत्र्याला हाताने आकार देणारा माणूस एकदा घालवला की तेजीत तो परत सापडत नाही.

स्वतःच्या इंजिनाचा अभिमान किती महाग पडतो, हे ब्लॅकपूलच्या टीव्हीआर कंपनीने दाखवले. 1981 मध्ये पीटर व्हीलर या केमिकल इंजिनिअरने ती घेतली. रोव्हरचे व्ही 8 इंजिन विकत आणून, हलक्या फायबर ग्लासच्या बॉडीत बसवून त्यांनी अत्यंत वेगवान आणि तुलनेने स्वस्त गाड्या काढल्या. धंदा चालला. 1994 मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर ताब्यात घेतल्यावर इंजिनासाठी परक्यावर अवलंबून राहणे व्हीलर यांना धोक्याचे वाटले आणि त्यांनी स्वतःची इंजिने बनवायला घेतली. निर्णयामागची भीती रास्त होती. पण नव्या सहा सिलिंडरच्या इंजिनात दोष निघत राहिले, वॉरंटीत ती दुरुस्त करता करता नफा आटला. 2004 मध्ये व्हीलर यांनी कंपनी निकोलाय स्मोलेन्स्की या तरुण रशियन गुंतवणूकदाराला विकली आणि 2006 मध्ये ब्लॅकपूलचा कारखाना बंद झाला. लोटसने वेगळी वाट काढली. दुसऱ्या कंपन्यांसाठी अभियांत्रिकीची कामे करून मिळणाऱ्या पैशावर तिने स्वतःच्या गाड्या तगवल्या. तरीही 1986 पासून जनरल मोटर्स, मग इटालियन उद्योजक रोमानो आर्तिओली, मग मलेशियाची प्रोटॉन आणि 2017 पासून चीनची जीली, असे तिचे मालक बदलत गेले.

लॅम्बोर्गिनीची कथा याच वाटेने सुरू होते. 1963 मध्ये सुरू झालेली ही कंपनी 1978 मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे मिमरान बंधू, क्रायस्लर आणि इंडोनेशियातले गुंतवणूकदार अशा हातांतून फिरत ती 1998 मध्ये फोक्सवॅगन समूहातल्या आउडीकडे आली. खरा बदल इथे झाला. 2003 च्या गॅलार्डो या गाडीचा घाट लॅम्बोर्गिनीचा होता, पण विजेच्या जोडण्यांपासून दर्जा तपासणीपर्यंत मागे आउडीची शिस्त होती. दहा वर्षांत 14,022 गॅलार्डो बनल्या. उरुस ही एसयूव्ही तर पोर्शे काएन आणि आउडी क्यू 7 यांच्याशी सामाईक सांगाड्यावर उभी आहे. 2023 मध्ये लॅम्बोर्गिनीने प्रथमच वर्षाला 10 हजारांचा टप्पा ओलांडला.

याच्या नेमक्या उलट टोकाला इंग्लंडमधल्या माल्व्हर्नची मॉर्गन कंपनी आहे. तिच्या गाड्यांच्या बॉडीला आजही अ‍ॅश लाकडाची चौकट असते आणि इंजिने ती बाहेरून घेते. 1990 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात नामवंत उद्योगपती सर जॉन हार्वी-जोन्स यांनी तिला उत्पादन वाढवण्याचा आणि आधुनिक होण्याचा सल्ला दिला. कुटुंबाने तो बहुतांशी नाकारला आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी तशीच राहू दिली. यादी लांब असली की मंदीतही काम पुरते, हे त्यांना कळले होते. 2019 मध्ये बहुसंख्य हिस्सा इटालियन गुंतवणूक संस्थेकडे गेला, पण तोवरची शंभराहून अधिक वर्षे एका कुटुंबाने कंपनी चालवली. ही कामगिरी अ‍ॅस्टन मार्टिनच्या सर्व झगमगाटापेक्षा मोठी मानली पाहिजे.

या धंद्यात तगायला खरोखर लहान राहावे लागते, नाहीतर मोठ्या समूहाच्या पोटात शिरावे लागते. वर्षाला तीन-चार ते सहा-सात हजार गाड्यांचा मधला पट्टा सर्वांत घातक. तिथे खर्च मोठ्या कंपनीसारखे होतात आणि उत्पन्न लहान कंपनीचेच राहते. अ‍ॅस्टन मार्टिन नेमकी त्या पट्ट्यात अडकली आहे.

एकदा ती त्यातून सुटलीही होती. 1987 मध्ये फोर्डने तिचा ताबा घेतला आणि जॅग्वारच्या जुन्या सांगाड्यावर आधारलेली डीबी 7 काढली. तिच्या सुमारे 7 हजार गाड्या खपल्या. तोवरच्या कुठल्याही अ‍ॅस्टन मार्टिनला हा आकडा गाठता आला नव्हता. स्वतः अडचणीत आलेल्या फोर्डने 2007 मध्ये ही कंपनी सुमारे 48 कोटी पौंडांना विकली. पुढच्याच वर्षी फोर्डच्या त्याच समूहातल्या जॅग्वार आणि लँड रोव्हर मुंबईच्या टाटांनी 230 कोटी डॉलर्सना घेतल्या. या दोन कंपन्यांकडे लाखांच्या घरातली विक्री होती, त्यामुळे नव्या इंजिनांचा खर्च वाटला जाऊ शकला. एकट्या पडलेल्या अ‍ॅस्टन मार्टिनला इंजिने आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी 2013 मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लरशी करार करून भागभांडवलाचा हिस्सा द्यावा लागला.

ऑक्टोबर 2018 मध्ये कंपनीने लंडन शेअर बाजारात 19 पौंड दराने शेअर विकले. त्या दराने तिचे मूल्य 400 कोटी पौंडांहून अधिक होत होते. गुंतवणूकदारांना फेरारीसारखा नफा हवा होता. फेरारी मात्र मागणीपेक्षा गाड्या कमी बनवते. अ‍ॅस्टन मार्टिनने आकडे दाखवण्यासाठी विक्रेत्यांकडे गाड्या भरल्या, त्या पडून राहिल्या, सवलती द्याव्या लागल्या आणि दुर्मीळपणाची किंमत गेली. 2020 च्या एप्रिलपर्यंत शेअर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला होता. कॅनेडियन अब्जाधीश लॉरेन्स स्ट्रोल यांनी पैसा घातला, विक्रेत्यांकडचा साठा कमी केला, वेल्समधल्या नव्या कारखान्यातून डीबीएक्स ही एसयूव्ही बाजारात आणली. त्याच वर्षी काढलेल्या कर्जरोख्यांवर साडेदहा टक्के व्याज कबूल करावे लागले. सौदी अरेबियाचा सरकारी निधी आणि जीली हेही पुढे भागीदार झाले.

2024 मध्ये कंपनीने 6,030 गाड्या विक्रेत्यांना दिल्या आणि वर्षअखेरीस तिच्यावर 116 कोटी पौंडांचे निव्वळ कर्ज होते, म्हणजे त्या वर्षीच्या प्रत्येक गाडीमागे 1 लाख 92 हजार पौंड. पहिली विजेवरची गाडी आधी 2025 मध्ये यायची होती, ती पुढे ढकलली गेली. तिच्या मोटारींसाठी अमेरिकेच्या ल्युसिड कंपनीशी 2023 मध्ये करार झाला आणि मोबदल्यात पुन्हा काही शेअर द्यावे लागले.